निळ्या फुलांचं भांडं

वनीटा स्लोनच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते विसरलो म्हणून दिलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पत्र भांड्यात ठेवलेलं होतं, भांडं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर होतं, आणि त्याच फळीखाली उभा राहून मी रोज सकाळी कॉफी करतो. माणूस छपराखाली राहतो तसा मी त्या पत्राखाली राहत आलो. छपराकडे कुणी रोज मान वर करून बघत नाही. एका गुरुवारी मात्र बघावं लागलं. नगरभवनातल्या तळमजल्याच्या खोलीत समितीची बैठक होती. लोकांनी बोलायची वेळ आली तशी वनीटा नेहमीप्रमाणे उठून माइकपाशी गेली. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माइकशेजारी एक छोटा दिवा आहे, तो आधी हिरवा, मग पिवळा आणि शेवटी लाल होतो. वनीटानं तिच्या घराच्या छपराबद्दल, नर्सच्या पगाराबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. पिवळा दिवा लागला तसा तिनं हातातला कागद घडी करून खिशात घातला, चष्मा कपाळावर सरकवला, टेबलामागे बसलेल्या आम्हा पाचजणांतून नेमकं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि मिस्टर टॅकेट, माझं भांडं अजून तुमच्याकडेच आहे."

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं. आमच्या कोल्टर्स लँडिंगमध्ये प्रत्येकाच्या घरी दुसऱ्या कुणाचं तरी एखादं भांडं असतंच. कुणी गेलं की शेजारपाजारचे, चर्चमधले लोक शिजवलेलं अन्न भांड्यासकट आणून देतात, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितात, आणि मग ती भांडी परत करायचं काम वर्षभर पुरतं. अध्यक्ष डेंटन फॉय यांनी हातोडी हलकेच आपटली. "मिस्टर टॅकेट, भांड्याच्या मुद्द्यावर समितीपुढे काही निवेदन करायचंय?" लोक पुन्हा हसले. मी म्हणालो, "हो. म्हणजे, आहे माझ्याकडे." हे माझं त्या खोलीतलं जवळजवळ पहिलंच वाक्य होतं. माझ्या शेजारी बसणारा लाइल हॅचर माझ्या कानाशी वाकून पुटपुटला, "प्रोफेसर, बाईचं भांडं दाबून बसलात? तुमच्याकडे बघून वाटत नाही." लाल दिवा लागला होता. वनीटा हसली नव्हती. तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. माझे कान गरम झाले होते. लहानपणी वर्गात नाव पुकारलं की व्हायचे, अगदी तसेच. एवढं आयुष्य गेलं तरी कानांना काही कळलेलं नाही.

गावात या पैशाला 'गोळ्यांचा पैसा' म्हणतात. ज्यांनी त्या व्यसन लावणाऱ्या, दुखणं थांबवायच्या गोळ्या बनवल्या आणि ज्यांनी पोत्यांनी विकल्या, त्यांच्याकडून कोर्टानं वसूल केलेला हा पैसा. तो एकदम येत नाही. दरवर्षी थोडाथोडा येतो, आणि माझ्या हयातीनंतरही बरीच वर्षं येत राहणार आहे. तो कशावर खर्च करावा हे सुचवायला ही समिती. तिच्यात एक खुर्ची अशा माणसासाठी राखून ठेवावी लागते, ज्याच्या घरातलं कुणी या गोळ्यांपायी गेलंय. फॉय माझ्या घरी आले होते तेव्हा त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून, खाली बघत ते सांगितलं होतं. "फार काही करायचं नसतं, ऑरिन. शांत माणूस हवा." मी शांत आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. उभा जन्म मी वाचनालयात काढला, तिथं शांत असण्याचाच पगार मिळतो. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला अधिक शब्द लागले असते. तेव्हापासून त्या खुर्चीत मी बसतो. पण ज्या कारणानं ती खुर्ची माझी झाली ते कारण, म्हणजे माझी मुलगी कोरिन, तिचं नाव मी त्या खोलीत एकदाही उच्चारलेलं नव्हतं. इतरांनीही नाही. सगळे फार सभ्य आहेत.

लाइलचं वेगळं. त्याचं गालिच्यांचं दुकान आहे आणि तो समितीत आला तो शहराच्या एका चुकीमुळे. पहिल्या वर्षीच्या पैशातून शहरानं हायवेवर भलामोठा फलक लावला. त्यावर हातात हात घेतलेल्या दोन माणसांचं चित्र होतं आणि खाली मदतीसाठी फोन नंबर. नंबरातला एक आकडा चुकला होता. फोन लाइलच्या दुकानात यायला लागले. बायका रडत बोलायच्या, पोरं गप्प राहायची, कुणी नुसतंच श्वास घेत राहायचं. लाइलनं शहराला दोनदा कळवलं. फलक बदलायचा तर नवा खर्च, नव्या खर्चाला नवी मंजुरी. तोवर लाइलनं खरा नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यापाशी टांगला. पण लोकांना तो नंबर देऊन लगेच फोन ठेवणं त्याला जमेना. "मी काय बोलणार, प्रोफेसर? मी म्हणायचो, मी गालिचेवाला आहे, पण दुकानात गिऱ्हाईक नाहीये, बोला तुम्ही." एक बाई म्हणे अजूनही त्यालाच फोन करते. तिला खरा नंबर माहीत आहे. लाइलचा मला हेवा वाटतो. चुकून आलेल्या फोनालाही त्यानं उत्तर दिलं, आणि मला तर पत्र बरोबर पत्त्यावर आलं होतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्टुलावर चढलो. या वयात स्टुलावर चढताना माणूस आधी खाली बघतो, मग वर. भांडं जड आहे, पांढऱ्या जाड काचेचं, बाजूला तीन निळी फुलं. झाकणावर धूळ बसली होती. ते छातीशी धरून मी खाली उतरलो, टेबलावर ठेवलं, आणि बराच वेळ झाकण न काढता त्याच्यासमोर बसलो. कोरिन गेली तेव्हा आमच्याकडे फार भांडी आली नव्हती. तिची आई, माझी बायको इल्मा, कर्करोगानं गेली तेव्हा स्वयंपाकघरात ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या घरचा फ्रिज मागून घ्यावा लागला होता. कोरिनच्या वेळी लोक आले, दारात उभे राहिले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गेले. त्यांचे हात रिकामे होते हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. कुणी ठरवून केलं असंही नाही. अशा मरणाच्या घरी काय शिजवून न्यायचं हे आमच्या गावाला तेव्हा ठाऊक नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी पायरीवर हे भांडं मिळालं. मक्याचं पुडिंग होतं, अजून कोमट. वर चांदीच्या कागदाला टेकवून पाकीट ठेवलेलं.

पत्र मला पाठ आहे. 'मिस्टर टॅकेट, आपली ओळख नाही. माझा ड्वेन उन्हाळ्यात तुमच्या वाचनालयात गारव्याला येऊन बसायचा, तुम्ही त्याला कधी उठवलं नाहीत, एवढीच ओळख. ड्वेन गेला तेव्हा हे भांडं मला डेल्फिया स्ट्राउडनं आणून दिलं, ती नदीच्या पलीकडच्या काठावर राहते. तिला दुसऱ्या कुणीतरी दिलं होतं. बुडाला नावं आहेत ती बघा. ती आमची नाहीत, आमच्या मुलांची आहेत. तुमच्या मुलीचं नाव खाली चिकटवा, आणि पुढे कुणाच्या घरी असं झालं की काहीतरी शिजवून हे तिथं नेऊन द्या. काही बोलावं लागत नाही. ते जमणार नसेल तर भांडं मला परत करा, माझी तक्रार नाही. पण परत करताना तुमच्या मुलीबद्दल एक गोष्ट लिहून पाठवा. ती कशी गेली ते नको. ते मला माहीत आहे.'

मी भांडं पालथं केलं. चिकटपट्टीचे तुकडे भट्टीच्या आचेनं तपकिरी झालेले, काहींच्या कडा कुरळ्या झालेल्या. अँजी. रिकी. जे. टी. एक नाव पुसट, ते वाचता येत नाही. त्याखाली वळणदार अक्षरात ड्वेन. त्याच्याखाली कोरी काच. सगळा जन्म मी पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या लावल्या. पांढरी कापडी पट्टी, काळी शाई, नखानं दाबून कोपरे बसवायचे. असा कागद नाही, असं कापड नाही ज्यावर माझ्या हातची चिठ्ठी टिकली नाही. ही एक चिठ्ठी मला लावता आली नाही. लावली की भांडं माझं होणार होतं, म्हणजे खरं तर पुढच्या कुणाचं तरी होणार होतं, आणि मला एखाद्या घराच्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागणार होतं. आणि परत करायचं तर ती एक गोष्ट.

त्या एका गोष्टीचे मी किती खर्डे केले याची मला लाज वाटते. वाचलेल्या माणसाला दुःखातही वाक्याची चूक दिसते. कोरिन पियानो वाजवायची, हे लिहिलं. मग वाटलं, ती तीनच वर्षं वाजवायची आणि तिला त्याचा कंटाळा होता. इल्माच्या आजारपणात ती रोज आईचे केस विंचरायची, हे लिहिलं. पण त्याच आजारपणात इल्माच्या दुखण्याच्या गोळ्या लवकर संपायला लागल्या होत्या आणि मी औषधाच्या दुकानदाराला दोष देत होतो. प्रत्येक गोष्टीला मागून शेपूट होतं. मी वाक्यं तासत राहिलो. खर्डा जितका चांगला व्हायचा, तितकी कोरिन त्यातून निघून जायची. शेवटी कागदावर एक नीट, हळवी, कुणाचीही मुलगी उरायची. एक गोष्ट मात्र दर वेळी मनात सगळ्यात आधी यायची, शिक्क्याची गोष्ट, आणि तीच मी दर वेळी सगळ्यात आधी खोडायचो. मग वर्षं गेली. उशीर झालेल्या पत्राचं असं होतं की उशिराबद्दल काय लिहावं हेच मोठं पत्र होऊन बसतं.

कोरिन तुरुंगातून सुटली तो मंगळवार होता. किरकोळ चोरी होती, काही महिने आत होती. मी गाडी घेऊन गेलो तर ती मागच्या फाटकाशी कागदी पिशवी पोटाशी धरून उभी होती, तिचं आत ठेवून घेतलेलं सामान त्या पिशवीत होतं. ती जाड झाली होती, गालांवर रंग आला होता, मला वाटलं बरी झाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "डॅडी, तुझ्या गाडीला अजून पेपरमिंटचाच वास येतो." मी म्हणालो, "सीटखाली डबा सांडला होता." एवढंच बोलणं झालं. घरी टोमॅटोचं सार आणि चीज घालून भाजलेला ब्रेड खाल्ला. ती झोपली, उठली, पुन्हा झोपली. मला हे ठाऊक नव्हतं की आत असताना शरीर विसरतं आणि मन विसरत नाही. बाहेर आलेला माणूस जुन्या सवयीनं नशेचं जुनंच प्रमाण घेतो आणि शरीराला ते सोसत नाही. सुटल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतात, हे मला समितीत बसल्यावर एका अहवालात वाचायला मिळालं. शुक्रवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची वेळ होती. मी तिला विचारलं, "जाऊ ना?" ती म्हणाली, "जा की. मी कुठं पळून जातेय?" मी दोन तासांत परत आलो. न्हाणीघराच्या दाराबद्दल मी लिहिणार नाही.

वनीटाचं घर त्या मागच्या फाटकासमोरच आहे, कटलर स्ट्रीटवर. ड्वेनही असाच, सुटल्यावर गेला. तिनं ते घर भाड्यानं घेतलं आणि खालच्या खोल्यांत खाटा टाकल्या. फाटक उघडलं की ती रस्ता ओलांडून जाते आणि बाहेर येणाऱ्याला म्हणते, "अंडी कशी खाणार?" आधी नाव नाही, चौकशी नाही. ज्याला यायचं तो येतो. तिच्याकडे झोपतो, खातो, कुणीतरी त्याच्यावर डोळा ठेवून असतं, नशा जास्त होऊन श्वास अडकला तर नाकात मारायचं औषध प्रत्येक दाराच्या खुंटीला टांगलेलं असतं. वरचा मजला मोठा आहे पण छप्पर गळतं, निळी ताडपत्री टाकली आहे. तिला छप्पर हवं होतं आणि एका नर्सचा पगार. तिचा अर्ज याआधी दोनदा आमच्यापुढे आला होता आणि दोन्ही वेळा अधिक अभ्यासासाठी पुढे ढकलला गेला होता. ढकलण्याच्या बाजूनं माझा हात वर गेला होता. अभ्यास या शब्दावर मी जन्मभर विश्वास ठेवत आलो. फॉय वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, "वर्षानुवर्षं येणारा पैसा आहे, ऑरिन. एका बाईच्या भाड्याच्या घराच्या छपरात घालू? माझ्या हातून पैसा उधळला गेला असं उद्या कुणी म्हणायला नको." त्यांना नदीकाठी काळ्या दगडाची स्मृतिशिला हवी आहे, भोवती बाकं. पोलीस खात्याला दोन गाड्या हव्या होत्या. गाडीच्या कप्प्यात नाकात मारायचं औषध ठेवलं की गाडी नियमात बसते, असं वकिलानं सांगितलं होतं.

पुढच्या बैठकीत वनीटाच्या अर्जावर मतं घ्यायची होती, तिथं मी पानभर मजकूर लिहून नेला. आठवडाभर तो मी न्हाणीघराच्या आरशासमोर मोठ्यानं वाचत होतो आणि वाचताना काही शब्द बदलत होतो. कागद खिशात होता, घामानं मऊ झालेला. पोलीस कप्तान आणि फॉय एका बाजूला होते, लाइल आणि आरोग्य खात्याच्या बाई दुसऱ्या बाजूला. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून खोलीतले सगळे माझ्याकडे बघत नसल्यासारखे बसले होते. वनीटा तिसऱ्या रांगेत होती. तिच्या मांडीवर तिची पिशवी होती आणि पिशवीवर दोन्ही हात. हातांवर भाजल्याचे जुने डाग आहेत, भट्टीतून भांडी काढणाऱ्या बायकांच्या मनगटांवर असतात तसे. चिटणिसानं एकेक नाव पुकारलं. हो, नाही, हो, नाही. मग म्हणाला, "टॅकेट?" मी खिशात हात घातला, कागद बोटांना लागला, आणि मला कळलं की तो मजकूर चांगला झालेला आहे. मी तो बाहेर काढला नाही.

"माझ्या मुलीचं नाव कोरिन होतं," मी म्हणालो.

छतातला दिवा गुणगुणत होता, तो नेहमीच गुणगुणतो, पण तेव्हा तो सगळ्यांना ऐकू आला. मला पुढे बोलायचं होतं. पुढे काही नव्हतं. माझे ओठ हलत असावेत. चिटणीस माझ्याकडे बघायचा थांबला आणि आपल्या पेनाकडे बघायला लागला. फॉय फार हळू आवाजात म्हणाले, "ऑरिन, हो की नाही?"

"हो."

ठराव झाला. लाइलनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तोंड आहे की तुम्हाला, प्रोफेसर." मी बाहेर आलो तेव्हा वनीटा जिन्यापाशी उभी होती. मला वाटलं ती भांड्याचं काढेल. ती म्हणाली, "वरच्या मजल्यावर आठ खाटा बसतील. मोजून ठेवल्यात मी." मग मला निरखून बघून म्हणाली, "तुम्ही जेवता का वेळेवर?" मी म्हणालो जेवतो. "दिसत नाही तसं," ती म्हणाली आणि रेलिंग धरून खाली उतरत गेली. तिच्या एका पायात दोष आहे हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी तिला नेहमी टेबलामागून बघत आलो.

समितीचा ठराव म्हणजे नुसती शिफारस. ती वर, नगरपरिषदेच्या सभेत गेली. तिथं मला मत नाही, मी मागच्या बाकावर बसलो होतो. गाड्यांच्या किमती महिनाअखेरपर्यंतच टिकणार होत्या म्हणून गाड्या मंजूर झाल्या. छपराचा पैसा राखीव निधीत ठेवून पुढच्या आर्थिक वर्षात विचार करावा असं ठरलं. नकार कुणी दिला नाही. कुणी आवाज चढवला नाही. एक सभासद तर वनीटाच्या कामाबद्दल इतकं चांगलं बोलला की लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजत असताना मला समजलं की छप्पर गेलं. दोन वर्षांपूर्वी, तेव्हा गाड्यांचा अर्ज नव्हता, स्मृतिशिलेचा नव्हता, तेव्हा माझा हात दुसऱ्या बाजूला वर गेला असता तर. हे वाक्य मी पुरं करत नाही. मी ते रोज निरनिराळ्या तऱ्हांनी पुरं केलेलं आहे. वनीटा टाळ्यांच्या वेळी मान लववून बसली होती, कुणाचे तरी आभार मानावेत तशी.

मग पाऊस लागला, थंडीतला, बारीक, दिवसचे दिवस चालणारा. ताडपत्री फाटली, वरचं पाणी खालच्या एका खोलीत उतरलं, त्या खोलीतल्या खाटा वनीटानं स्वयंपाकघरात आणल्या. हे मला लाइलनं सांगितलं, त्यानं उरलेसुरले गालिच्याचे तुकडे तिकडे नेऊन टाकले होते. बुधवारी सकाळी फाटकातून एक मुलगी बाहेर आली, शेली रॅटलिफ. वनीटा रस्ता ओलांडून गेली. तिनं अंडी खायला घातली, पण झोपायला जागा नव्हती. शेली म्हणाली, "काही हरकत नाही, बाई. मामेभावाच्या ट्रेलर-घरात जाते. जागा झाली की फोन करा." वनीटानं तिला औषध दिलं, ते कसं मारायचं ते भावाला शिकव म्हणून बजावलं. रविवारी जागा झाली. वनीटानं फोन केला. लाइल मला हे सांगत होता तेव्हा मधेच थांबला आणि म्हणाला, "प्रोफेसर, तिला फोन लागला हो. उचलला दुसऱ्याच कुणीतरी." दोन दिवसांनी पेपरात आलं, तिच्या घरच्यांनी दिलेलं: शेली ॲन रॅटलिफ, अचानक, घरी. आमच्याकडे तसंच लिहितात. कोरिनचं मीही तसंच लिहिलं होतं.

पेपर घडी करून मी टेबलावर ठेवला. भांडं तिथंच होतं, त्या गुरुवारपासून मी ते परत वर ठेवलं नव्हतं. मी कोट घालून दुकानात गेलो आणि मका, अंडी, दूध, लोणी आणलं. इल्माच्या वह्या आहेत, पण त्यात ती प्रमाण लिहीत नसे, 'बेतानं' असं लिहायची. मी बेतानं घातलं. पुडिंग भट्टीत असताना टेबलाचा खालचा खण उघडला, कापडी पट्टीचं रीळ अजून होतं, शाईचं पेन घासून घासून चालू केलं. नाव लिहायला फारसा वेळ लागला नाही. अक्षर सरळ आलं आहे का हे मी दोनदा पाहिलं, हाताची सवय जात नाही. भांडं भट्टीतून निघाल्यावर ते फडक्यात धरून तिरकं केलं, ड्वेनच्या खाली पट्टी लावली आणि कोपरे नखानं दाबले. काच गरम होती, नख भाजलं. कोरिनच्या खाली अजून जागा होती. ती किती नावांची आहे हे डोळ्यांनी मोजलं जाऊ नये म्हणून मी भांडं लगेच सरळ केलं. कडा थोड्या करपल्या होत्या.

रॅटलिफांचं घर लोकस्ट स्ट्रीटच्या टोकाला आहे. पायरीवर उभा राहिलो तेव्हा वाटलं, भांडं ठेवून निघून जावं, वनीटानंही तसंच केलं होतं. पण पाऊस पडत होता आणि पायरीवर आडोसा नव्हता. मी कोपरानं घंटी वाजवली. दार उघडलं ती शेलीची आई असावी. पायात पुरुषाच्या सपाता, हातात ओली बशी.

"काय आहे?"

"मक्याचं पुडिंग. कडा जरा करपल्यात."

तिनं बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही वाचनालयातले ना?"

"होतो."

"शेलीकडे तुमचं एक पुस्तक राहिलंय बघा. शाळेत होती तेव्हाचं. घोड्यांचं होतं काहीतरी. मी शोधलं, सापडत नाहीये. काल दिवसभर तेच शोधत होते."

"काही राहिलेलं नाही," मी म्हणालो. "तिच्या नावावर काहीही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं दोन्ही हात पुढे करून भांडं घेतलं. वजन तिच्या हातांत गेलं तसे तिचे खांदे किंचित खाली आले. तिची बोटं बुडाशी फिरली. "खाली काय चिकटवलंय?"

"रिकामं झालं की बघा. आणि वनीटा स्लोनला विचारा, ती सांगेल."

"वनीटा काल आली होती. मी दार उघडलं नाही." ती भांड्याकडे बघत होती. "परत कुठं आणून देऊ?"

"माझ्याकडे नको," मी म्हणालो. मग ते तोडून बोलल्यासारखं वाटलं म्हणून म्हणालो, "माझी मुलगी होती. कोरिन." आणि पुढे काय म्हणावं ते इथंही नव्हतं. तिनं मान हलवली. दार लावताना तिनं ते पायानं लावलं, हात भरलेले होते.

घरी येऊन कोट न काढता मी लिहायला बसलो. खर्डा केला नाही.

'प्रिय वनीटा, तुमचं भांडं माझ्याकडे नाही. लोकस्ट स्ट्रीटला रॅटलिफांकडे आहे. पुडिंग करपलं होतं. उशिराबद्दल काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून ते राहू देतो. तुम्ही एक गोष्ट विचारली होती. कोरिन पाच-सहा वर्षांची असताना शाळा सुटली की वाचनालयात माझ्या टेबलाखाली बसायची. पुस्तक परत करायच्या तारखेचा रबरी शिक्का ती मला न विचारता घ्यायची आणि आपल्याच हातावर उठवायची, कोपराच्या आतल्या बाजूला, कारण तिथं गुदगुल्या होतात म्हणायची. मग बाही वर करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि सांगायची, मला दोन आठवडे घरी नेता येईल, पण मग डॅडीकडे परत आणून द्यायचं. एकदा एक म्हातारी खरंच तिचा हात धरून दारापर्यंत गेली. कोरिन इतकी हसली की वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मी तिला गप्प बस म्हणालो नाही. वाचनालयात मी गप्प बस म्हणालो नाही असं तेव्हाच झालं. पुढे तिच्या हाताच्या त्याच जागी सुयांचे डाग आले आणि तिकडे मला बघवलं नाही, म्हणून ही गोष्ट मी इतकी वर्षं लिहिली नाही. जागा तीच आहे. पण ती जांभळी शाई होती आणि ती हसत होती. छपराबद्दल पुढच्या गुरुवारी मी माइकपाशी येऊन बोलेन. टेबलामागून नाही. ऑरिन टॅकेट.'

वाचून बघितलं असतं तर बदललं असतं, म्हणून वाचलं नाही. वनीटाचं घर चालत जायच्या अंतरावर आहे, पण पत्राचं उत्तर पत्रानंच द्यावं असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर एका दिवसात दोन दारांपुढे उभं राहण्याचं बळ माझ्यात नव्हतं. पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीपाशी गेलो. पाऊस थांबला होता, पेटीच्या झाकणावर पाणी साठलं होतं, ते बाहीनं पुसलं. झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, झाकण मिटलं. मग पाकीट मधेच अडकलं असेल असं वाटून झाकण पुन्हा उघडून पाहिलं. आत काही दिसलं नाही. गेलं होतं.